मीटर रीडरचे रविवार

बाबांचा प्रोजेक्टर आता लागत नाही.
बल्ब गेला. तसला मिळेल का विचारलं
तर अठरा जून रस्त्यावरचा दुकानदार
माझ्याकडे असा बघत राहिला
की मी एस्कुदोची मोड मागते आहे.

म्हणून एकेक स्लाइड कडेला धरून उचलते
आणि खिडकीशी नेते.
पंच्याण्णव आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
झाकणावर ब्लेडनं कोरलंय : वि. शां. रायतूरकर, वीज खातं.
आत तांदळाची पुरचुंडी, ओल प्यायला.
ओल तरी पोचलीच.
चर्चच्या आभाळात बुरशीनं झाडं काढली आहेत,
बारीक फांद्यांची,
घंटेहून उंच.

सोमवार ते शनिवार ते मळ्यात, भाटल्यात, सांतिनेजला,
जिन्याखाली वाकून, टॉर्च दातांत धरून
काळ्या डबीतले आकडे वाचत.
कुणी फ्रीज घेतला, कोण रात्रभर जागतं,
कुणाचं दार दोन महिने बंद आहे,
सगळं आकड्यांतून कळायचं त्यांना
आणि त्यांच्यापाशीच राहायचं.
रविवारी तेच शहर
बाहेरून, उन्हात, कंबर सरळ करून.

वही एकच.
डाव्या पानावर : मिनेझिस, मागचं दार, कुत्रा आहे, ४१७२.
उजव्या पानावर : सचिवालय, एफ आठ, एकशेपंचविसांश, ढग.
(तेव्हा ते जुनं सचिवालय नव्हतं. नुसतं सचिवालय.)
आई विचारायची, एवढ्या पणजीत माणसं कशी नाहीत हो तुम्हांला?
ते माणूस जाईपर्यंत थांबायचे.
आल्तिनोच्या चढावर पोदेर तेवढा निसटला नाही :
अर्धं चाक, एक टाच,
आणि टोपलीवरच्या निळ्या प्लास्टिकचा कोपरा.
ही स्लाइड त्यांनी कधी लावली नाही.
फेकलीही नाही.

स्लाइड भरायचं काम माझं.
उलटी घालायची, म्हणजे भिंतीवर सुलटी.
एकदा एक फिरवून घातली गेली.
बेतीची फेरीबोट दुसऱ्याच अंगाला निघाली,
धक्क्यावरच्या पाटीची अक्षरं पाठमोरी,
शेजारची इस्पेरांसाबाय टाळ्या वाजवत म्हणाली,
पळे, किती बरी दिसता!
बाबा काही बोलले नाहीत.
सकाळी उठले तर प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात
नेलपॉलिशचं एकेक लाल टिंब,
आणि आईची बाटली रिकामी.

मांडवीवरचा पूल सात वेळा आहे.
तिन्ही वेळांचा, भरतीचा, ओहोटीचा,
एकदा निव्वळ त्याची सावली.
आज खिडकीशी धरला
तर त्याच्या कमानीतून पलीकडची कसिनोची बोट दिसली,
दिवसाढवळ्या दिवे लावून.
तिचं मीटर कोण वाचत असेल?

पूल पडला तो शनिवार होता.
रविवारी सकाळी ते कॅमेरा घेऊन गेले,
दुपारी भिजून आले, जेवले,
आणि पोरांसारखे पालथे झोपले.
विचारायची हिंमत आमच्यात नव्हती.
मुंबईहून धुऊन आलं ते रीळ, तेव्हा मी शाळेत होते.

ती आत्ता सापडली, डब्याच्या तळाशी.
काळीकुट्ट.
सूर्यासमोर धरली तरी काळी.
त्यांच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी निराळी होती,
भिंगावर झाकण असलं तरी तिच्यातून सगळं दिसायचं.
झाकण काढायचं राहिलं
की काढलंच नाही, ते वहीत नाही.
वहीत आहे : पूल, एफ चार, साठांश, पाऊस.
आणि त्यापुढे, एकदाच, एक माणूस :
शेजारी एक बाई छत्री मिटून उभी.

चौकटीवर टिंब आहे.
अंगठा त्याच्यावर ठेवून
मी ती बरोब्बर सुलटी धरली आहे.